दिवस पावसाळ्यात भरणार असतील तर
कोकणात जुलैचं बाळंतपण म्हणजे खरी पंचाईत लंगोटांची. बारा-पंधरा पुरतील असं वाटतं, पण पडवीतल्या दोरीवर ते दोन-दोन दिवस दमटच राहतात आणि ओलसर लंगोटाने बाळाला पुरळ उठतं. जुन्या सुती साड्या मे महिन्यातच धुऊन, कडक उन्हात वाळवून निदान ३० लंगोट आणि डझनभर दुपटी शिवून ठेवा. धुरीवर वाळवू नका, बाळाला धूर सोसत नाही. पंखा नि इस्त्री बरी. (आजी रागावेल, रागावू दे.)

माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगटाचा रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. वहाळाला (ओढ्याला) पूर येऊन साकव (छोटा पूल) बंद व्हायच्या आधीच दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे राहायला जा. १०२ किंवा १०८ला फोन केला की रुग्णवाहिका मोफत मिळते.