मेम्ब्रेनच्या कामाला लागताना: जड धातूंच्या पाण्यावर काम करू पाहणाऱ्यांसाठी

एमएस्सी किंवा केमिकल इंजिनिअरिंग करून मेम्ब्रेनच्या (पाणी गाळणाऱ्या पातळ पडद्याच्या) कामाला लागलेली मुलं पहिल्याच आठवड्यात पॉलिमर कोणता घ्यायचा, त्यात ग्राफीन ऑक्साइड घालायचं की टायटॅनियम डायऑक्साइड, यावर येतात. मी त्यांना आधी विचारते, पाणी कुठलं? आणि त्यात धातू कोणत्या रूपात आहे? हे माहीत नसेल तर पुढचं सगळं काम हवेत राहतं.

माझं बरंचसं काम प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा देण्याच्या) पाण्यावर झालं, म्हणून उदाहरणं तिथलीच देते. भोसरी-पिंपरीच्या पट्ट्यात सुट्या भागांवर निकेल, क्रोम, जस्त चढवणारे छोटे कारखाने पुष्कळ आहेत. जॉब (मुलामा द्यायचा सुटा भाग) निकेलच्या टाकीतून बाहेर काढला की त्याच्या अंगाला लागून थोडं द्रावणही येतं. मग तो साध्या पाण्यात बुचकळतात आणि ते पाणी हळूहळू हिरवट होत जातं. तो हिरवेपणा निकेलचा. पिण्याच्या पाण्यात निकेल लिटरमागे ०.०२ मिलिग्रॅमच्या वर नसावं, असं आयएस १०५०० हे आपलं मानक सांगतं. कॅडमियमला तर ०.००३ इतकीच मुभा आहे.

मेम्ब्रेन म्हणजे बारीक चाळणी, ही समजूत इथे लवकर सोडावी लागते. अल्ट्राफिल्ट्रेशन या प्रकारच्या मेम्ब्रेनची छिद्रं साधारण २ ते १०० नॅनोमीटरची, आणि भोवती पाण्याचे रेणू घेऊन फिरणारा निकेलचा आयन एक नॅनोमीटरहूनही लहान. तो सहज पलीकडे जातो. त्याला अडवायचं तर पॉलिइथिलिनइमिनसारख्या मोठ्या रेणूला आधी बांधून घ्यावं लागतं, नाहीतर आणखी बारीक अशा नॅनोफिल्ट्रेशन किंवा आरओकडे जावं लागतं. नॅनोफिल्ट्रेशनमध्ये आकाराइतकंच महत्त्व विद्युतभाराला असतं. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (सहा संयुजेचं, म्हणजेच क्रोमियम सहा) पाण्यात ऋणभारित असतं. आम्लयुक्त पाण्यात त्यावर बहुतांशी एक ऋणभार असतो, पीएच साडेसहाच्या वर गेला की दोन. त्या पीएचला मेम्ब्रेनचा पृष्ठभागही बहुधा ऋणभारितच असतो, म्हणून तो क्रोमेटला (दोन ऋणभारांच्या या रूपाला) जास्त जोराने मागे ढकलतो. मेम्ब्रेन तीच, पाण्यातलं क्रोमियम तेवढंच, तरी पीएच ४ ला आणि ८ ला आकडे वेगळे येतात.

ज्यांच्यावर भारच नाही त्यांचं काय? आर्सेनिक तीन (तीन संयुजेचं आर्सेनिक) हे नेहमीच्या पाण्यात भाररहित असतं आणि निसटतं. आधी ऑक्सिडेशन करून त्याचं आर्सेनिक पाच केलं तर ते चांगलं अडतं. बोरिक ॲसिडचीही हीच गोष्ट. निकेलच्या टाकीत ते असतंच, आणि ते आरओमधूनसुद्धा बऱ्यापैकी निघून जातं. आरओने घट्ट केलेलं निकेलचं द्रावण टाकीत परत घ्यायचं असेल तर बोरिक ॲसिड मोजून वरून भरावं लागतं, नाहीतर जॉबच्या कडा जळायला लागतात. प्लेटिंगवाल्याला मेम्ब्रेनचं शास्त्र माहीत नसेल, पण जळलेली कड तो लांबून ओळखतो. त्याच्याशी बोला, खूप शिकाल.

मेम्ब्रेन बनवण्याची मूळ रीत लोएब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिसला सेल्युलोज ॲसिटेटवर बसवली. आज आपण पॉलिसल्फोन वापरतो, तरी काम तसंच चालतं: पॉलिमरचं द्रावण काचेवर पातळ पसरायचं, पाण्यात बुडवायचं, आणि पारदर्शक थर बघता बघता दुधासारखा पांढरा होतो. पावसाळ्यात मात्र जपा. हवेतली वाफ ओढून घेऊन थर बुडवण्याआधीच धुरकट होतो, आणि जूनमधली मेम्ब्रेन एप्रिलमधल्या मेम्ब्रेनशी जुळत नाही. प्रत्येक कास्टिंगसमोर (थर पसरण्यासमोर) वहीत तापमान आणि आर्द्रता लिहाच.

आता मोजमाप. नवख्यांचं सगळ्यात जास्त काम इथे वाया जातं, म्हणून जरा सविस्तर सांगते. नवी मेम्ब्रेन सुरुवातीला धातू स्वतःच्या अंगावर शोषून घेते. पहिल्या तासाभराचं पाणी तपासलं तर रिजेक्शन (धातू अडल्याचं प्रमाण) फार सुंदर दिसतं. तो शोषणाचा परिणाम असतो. प्रयोग लांबवा, आकडा स्थिर होऊ द्या. येणारं पाणी, गाळून आलेलं पाणी आणि मागे उरलेलं पाणी, तिन्हींतला धातू मोजून हिशेब जुळवा. जुळला नाही तर उरलेला धातू मेम्ब्रेनवर, नळीत किंवा बाटलीच्या काचेवर आहे. म्हणूनच एकूण धातूचा नमुना घेतल्याबरोबर नायट्रिक ॲसिड घालून पीएच २ च्या खाली आणतात. हेक्झाव्हॅलंट क्रोमियमच्या नमुन्यात मात्र हे करू नका, आम्लात ते बदलू शकतं. त्याला वेगळी बाटली, थोडा अल्कधर्मी पीएच आणि थंड जागा. मग डायफिनाइलकार्बाझाइड घातलं की जांभळट-लाल रंग येतो, तो ५४० नॅनोमीटरला वाचायचा.

शोधनिबंधात ‘९९ टक्के’ दिसलं की लगेच खाली बघा: पाण्यात एकच क्षार होता का, दाब किती, फ्लक्स (मेम्ब्रेनमधून पाणी जाण्याचा वेग) किती, आणि रिजेक्टचं (मागे उरलेल्या घट्ट पाण्याचं) काय केलं? मेम्ब्रेन धातू नष्ट करत नाही, एका बाजूला गोळा करते. तो परत टाकीत गेला तर उत्तम. नाहीतर चुना घालून त्याचा गाळ करावा लागतो (क्रोमियम सहा असेल तर आधी बायसल्फाइटने त्याचं क्रोमियम तीन करून), आणि तो गाळ रांजणगाव किंवा तळोजासारख्या घातक कचऱ्याच्या केंद्रात जातो. ज्या प्रबंधात रिजेक्टवर एकही परिच्छेद नाही, तो मला अर्धवट वाटतो.

संशोधन करायचं असेल तर पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), भावनगरची सीएसएमसीआरआय (मीठ आणि सागरी रसायनांची केंद्रीय संशोधन संस्था) आणि ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र, तिन्हीकडे मेम्ब्रेनचं काम चालतं. त्यासाठी नेट किंवा गेट परीक्षेची तयारी ठेवा. नोकरीच करायची असेल तर ईटीपीवरची (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावरची) पहिली नोकरी कमी लेखू नका. रुजू झालात की ऑपरेटरकडे मेम्ब्रेन धुण्याची वही मागा. सायट्रिक ॲसिडने धुतल्यावर फ्लक्स परत आला असेल तर वर धातूचे हायड्रॉक्साइड किंवा कॅल्शियम कार्बोनेट बसलं होतं, म्हणजे आधी पीएचकडे बघायचं. कॉस्टिक सोड्याने आला असेल तर तेल, ब्राइटनर (चकाकीसाठी टाकीत घालतात ते रसायन) किंवा शेवाळी थर, म्हणजे आधीचा कार्बन फिल्टर तपासायचा. आणि दोन्हींनी आला नाही, वर गाळलेल्या पाण्याची चालकताही चढत चालली असेल, तर क्लोरीन काढणारा बायसल्फाइटचा डोसिंग पंप चालू आहे का ते आधी जाऊन बघा. पॉलिअमाइडच्या मेम्ब्रेनला मोकळा क्लोरीन सोसत नाही.