घरी घट बसवताना

आश्विन शुद्ध प्रतिपदेला महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत देव घटी बसतात. मोठी मूर्ती आणून तिची प्रतिष्ठापना करणे ही सार्वजनिक उत्सवाची रीत झाली. घरच्या नवरात्रात मूर्तीवाचून काही अडत नाही. तेथे माती असते, बी असते, पाण्याने भरलेला घट असतो आणि अहोरात्र तेवणारा दिवा असतो. घट म्हणजे आईचे उदर आणि त्याच्या भोवती उगवणारे धान म्हणजे तिचे लेकरू, हा अर्थ मनाशी धरला की प्रत्येक वस्तू तिच्या जागी का आहे ते उमगत जाते. गुजरातेतल्या गरब्याचे नावही गर्भ या शब्दाशीच नाते सांगते. कुळाचार घरोघरी वेगळा असतो. त्यामुळे पुढे दिलेल्या रीतीहून घरातल्या वडीलधाऱ्या बाईचे सांगणे निराळे असेल, तर तेच प्रमाण मानावे.

तयारी सर्वपित्री अमावास्येला करून ठेवावी. घटासाठी शेतातली काळी माती आणतात. तिला वावरी म्हणतात. खडे आणि काड्या वेचून ती चाळून घ्यावी आणि थोडे कुजलेले शेणखत मिसळावे. शहरांत नवरात्राच्या तोंडावर बाजारात वावरी विकायला येते. ती न मिळाल्यास कुंडीतली माती चालते, परंतु तिच्यात कोकोपीट फार असेल तर ती पाणी धरून ठेवते आणि बी कुजते. भूमी ही माता आणि मी तिचा पुत्र, असे अथर्ववेदातल्या पृथ्वीसूक्तात म्हटले आहे. माती चाळण्याच्या कामाला पूजेची पूर्वतयारी म्हणून हातावेगळे करू नये. माझ्या मते पूजा तेथूनच सुरू होते.

धान्य निवडताना ते उगवणारे आहे ना, एवढे पाहावे. सप्तधान्याच्या याद्या प्रांतागणिक बदलतात. गहू, जव, ज्वारी आणि मूग बहुतेक ठिकाणी असतात. डाळ किंवा पॉलिश केलेले तांदूळ उगवत नाहीत, म्हणून तांदळाऐवजी टरफलासह भात घ्यावा. धान्य रात्रभर भिजवून ठेवले तर दुसऱ्या-तिसऱ्या माळेला, म्हणजे नवरात्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, मोड दिसू लागतात.

प्रतिपदेच्या सकाळी स्नान करून पाटाभोवती रांगोळी काढावी, पाटावर ताम्हन आणि त्यात पत्रावळ ठेवावी. पत्रावळीवर दोन बोटे जाडीचा मातीचा थर पसरून, मधली जागा मोकळी सोडून भोवती धान्य पेरावे आणि त्यावर मातीचा हलका हात फिरवावा. मधोमध मातीचा घट ठेवून त्यात पाणी, सुपारी, नाणे, हळद-कुंकू आणि अक्षता घालाव्यात. गळ्याला सूत गुंडाळावे, तोंडाशी विड्याची किंवा आंब्याची पाच पाने लावावीत आणि वर नारळ ठेवावा. कुलदेवीचा टाक, म्हणजे तिची प्रतिमा उमटवलेला धातूचा छोटा पत्रा, विड्याच्या पानावर घटापाशी बसवावा. बसलेले देव उठेपर्यंत हलवायचे नसतात. म्हणून रोज अभिषेक न करता फुलाने पाणी शिंपडून पूजा करतात.

घट शक्यतो मातीचाच घ्यावा. मातीचे भांडे झिरपते, आणि ते झिरपणारे पाणी सभोवतीच्या बियांना थेंबाथेंबाने मिळत राहते. आईच्या पोटात जे घडते तेच येथे घडते. तांब्याच्या कलशातून पाणी झिरपत नाही, त्यामुळे कलश मांडला असेल तर माती हातानेच ओली ठेवावी लागते. नव्या संसारात मी पहिल्यांदा घट बसवला, तेव्हा मायेपोटी सकाळ-संध्याकाळ वाटीभर पाणी घालत राहिले. चौथ्या माळेला मातीला आंबूस वास येऊ लागला आणि निम्मे बी कुजलेले निघाले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातली वाटी काढून घेतली आणि पूजेची पळी दिली. तेव्हापासून दिवसातून एकदा, कडेकडेने, पळीने पाणी घालते. मातीला बोट लावून पाहावे. बोटाला ओल लागत असेल तर त्या दिवशी पाणी घालू नये. देवघरात उजेड कमी असल्याने धान हिरवे न होता पिवळसर वाढते. त्यात अशुभ काही नाही. शेतकरी घरांत त्या वर्षी कोणते बी जोमाने आले, हेही घटावरून पाहिले जाते.

नंदादीपाला वाऱ्याच्या झोतापासून आडोसा हवा आणि वरच्या माळेपासून पुरेसे अंतर हवे. वात काजळली की त्याच ज्योतीवर दुसरी निरांजन लावून घ्यावी, मग वात बदलावी आणि निरांजनीवरून दिवा पुन्हा लावावा. एवढे करूनही रात्री दिवा विझलेला आढळला, तर घाबरून जाऊ नये. हात जोडून तो पुन्हा लावावा. दिवा विझला म्हणून वर्षभर धसका घेतलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्याविषयी मला फार वाईट वाटते. आद्य शंकराचार्यांच्या नावाने चालत आलेल्या देवीच्या क्षमापन स्तोत्रात स्पष्ट म्हटले आहे, 'कुपुत्रो जायेत क्वचिदपि कुमाता न भवति'. मुलगा वाईट निपजू शकतो, आई वाईट होत नाही. जिला आपण आई म्हणतो, ती तेल संपल्याचा राग धरील कशी?

रोज एक माळ घटावर सोडावी. पहिली बहुधा विड्याच्या पानांची असते. पुढे कारळा, तरवड, झेंडू, जे त्या भागात फुलते ते. या दिवसांना आपण तिथीने कमी आणि माळेने अधिक ओळखतो. तिथीची वृद्धी झाली तर एक माळ वाढते. २०२५ साली घटस्थापना २२ सप्टेंबरला आणि दसरा २ ऑक्टोबरला होता, त्यामुळे दहा माळा झाल्या. संध्याकाळी आरती, जोगवा आणि जमल्यास सप्तशतीचे पठण करावे. तेरा अध्याय रोज झेपत नसतील, तर पाचव्या अध्यायातली देवांनी केलेली स्तुती म्हणावी. 'मातृरूपेण संस्थिता' हे शब्द तिच्यातच आहेत. आरतीच्या शेवटी तुळजापूरची 'आई राजा उदो उदो' ही ललकारी घरातही उठते. एकाच दमात आई आणि राजा म्हणून घेणारी ती देवता आहे. तरीही तुळजापुरात नवरात्रापूर्वी आणि दसऱ्यानंतर तिला पलंगावर निजवतात, थकल्या आईला निजवावे तसे.

अष्टमीला किंवा कुळाचाराप्रमाणे ओटी भरावी. खण किंवा साडी, त्यावर नारळ, तांदूळ किंवा गहू, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम आणि फूल असे दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून देवीपुढे ठेवावे. गरोदर बाईची ओटी भरतात, माहेराहून निघालेल्या लेकीची भरतात; ओटी भरताना देवी आपली आई असून लेकही होते. येथे एक गोष्ट आग्रहाने सांगते. अजूनही कित्येक घरांत विधवा बाईला ओटी भरू देत नाहीत. ज्या पूजेत आपण आईला पूजतो, त्या पूजेच्या वेळी घरातल्याच आईला दाराआड बसवणे मला अधर्म वाटतो. आमच्याकडे सासरे गेल्यानंतरच्या पहिल्याच नवरात्रात पहिली ओटी सासूबाईंच्या हातून भरली आणि त्यानंतर दरवर्षी तसेच केले.

नवमीला किंवा दसऱ्याला घट उठतो. अक्षता वाहून घट किंचित हलवावा, घटातले पाणी पानाने घरभर शिंपडावे, नारळ प्रसादासाठी फोडावा आणि टाक उजळून देव्हाऱ्यात ठेवावेत. धानाचे तुरे आधी देवाला वाहावेत, मग पुरुषांनी टोपीत आणि बायकांनी केसांत खोवावेत. पत्रावळीतली वावरी शेतात किंवा तुळशीच्या कुंडीत परत घालावी. तिच्यातले मागे राहिलेले चार दाणे पुढच्या आठवड्यात उगवतात. ते उपटू नयेत.