‘बघतो’ म्हणालेल्या गिऱ्हाइकाचा पाठपुरावा

अनोळखी कंपनीला फोन लावणं, मेल टाकणं किंवा छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत एखाद्या कंपनीच्या गेटवर कार्ड देऊन येणं, हे त्या मानाने सोपं आहे. खरी कसोटी तिसऱ्या दिवसापासून लागते, कारण समोरून उत्तरच येत नाही. मग काही जण ‘गरज असली तर करतील फोन’ म्हणून विषय सोडून देतात. काही जण रोज सकाळी ‘सर, काय झालं आपल्या कोटेशनचं?’ विचारतात आणि आठवड्यात त्यांचा नंबर ब्लॉक होतो.

तगादा उधारीसाठी असतो. जो आपलं काहीच देणं लागत नाही, त्याच्यामागे तगादा लावून उपयोग नाही. त्याच्याकडे पुन्हा जायचं तर हातात काहीतरी नवं हवं: एखादा नमुना, दरातला बदल, त्याच्या मालाबद्दलची एखादी कामाची गोष्ट. या लेखातलं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे. उदाहरणासाठी वाळूजमध्ये पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणारं एक छोटं युनिट धरू. त्याला त्याच शहराच्या चिकलठाणा-शेंद्रा एमआयडीसीतले ऑटो पार्टवाले, जालन्यातल्या बियाणे कंपन्या आणि लातूरच्या डाळ मिलचे मालक गाठायचे आहेत.

आधी वही, मग फोन

डोक्यात ठेवलेला पाठपुरावा पंधरा दिवसांत विसरतो. एक्सेल चालेल, गुगल शीट चालेल, दोनशे पानी वहीही चालेल. रकाने मात्र हेच ठेवा: कंपनी, बोललेली व्यक्ती आणि तिचा हुद्दा, ऑर्डरवर शेवटची सही कुणाची, शेवटचं बोलणं कधी झालं, ती व्यक्ती नेमकं काय म्हणाली, आणि पुढची तारीख. ‘काय म्हणाली’च्या रकान्यात ‘इंटरेस्टेड’ लिहू नका, त्यातून काही कळत नाही. तिचंच वाक्य उतरवा: ‘सध्याचा सप्लायर वेळेत देतो, पण कोपरे फुटतात.’ पुढच्या फोनची सुरुवात या वाक्यानेच करायची आहे. पुढच्या तारखेचा रकाना तर कधीच रिकामा राहता कामा नये.

रोज किती नवे फोन करायचे, हेही आधीच ठरवा. एका माणसाला पहिला संपर्क आणि त्यानंतर चार वेळा पाठपुरावा धरला, तर रोजच्या ५ नव्या नावांमागे काही आठवड्यांनी दिवसाला २५ कामं तयार होतात. प्रत्येकाला १० मिनिटं धरली तरी चार तासांच्या वर जातात. जो मालक स्वतःच मशीनवरही उभा राहतो, त्याला यापेक्षा जास्त झेपत नाही. पहिल्या आठवड्यात उत्साहाने रोज २० फोन केले, की तिसऱ्या आठवड्यात शंभर कामं साठतात आणि सगळाच पाठपुरावा बुडतो.

किती दिवसांनी

पहिल्या संपर्कानंतर तिसऱ्या दिवशी, मग सातव्या, मग पंधराव्या आणि मग तिसाव्या दिवशी. सुरुवातीला अंतर कमी, कारण तेव्हा आपलं नाव त्यांच्या लक्षात असतं. पुढे वाढवत न्यायचं. समोरच्याने स्वतःहून तारीख दिली असेल, तर हे वेळापत्रक बाजूला ठेवा आणि त्याच तारखेला फोन करा, एक दिवसही आधी नाही.

तारीख धरताना इथला हंगाम पाहावाच लागतो. जालन्याच्या बियाणे कंपन्या मे ते जुलैमध्ये खरिपाच्या धावपळीत असतात. त्यांच्याशी पॅकिंगचं बोलणं त्याच्या कितीतरी आधी, हिवाळ्यात सुरू झालेलं बरं. लातूरला सोयाबीनची आवक ऑक्टोबर-नोव्हेंबरात जोरात असते आणि नवी तूर जानेवारीपासून येऊ लागते, तेव्हा मिलमालक सकाळी सौद्यात असतो. त्याला दुपारी चारनंतर गाठा. ऑटो पार्टवाल्यांकडे महिन्याचे शेवटचे पाच-सहा दिवस डिस्पॅचची घाई असते. छोट्या युनिटमध्ये जीएसटीची कागदपत्रंही मालकच बघतो, म्हणून ११ आणि २० तारखेच्या आसपास त्याचं डोकं रिटर्नमध्ये असतं. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, इथे सुट्टी असू शकते. पुण्या-मुंबईहून फोन करणाऱ्यांच्या हे लक्षात राहत नाही. पितृपक्षात नव्या सौद्यावर सही मागू नका. त्या पंधरवड्यात नमुना द्या, माप घ्या, सही घटस्थापनेनंतर. एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी रविवारीच असेल असंही नाही, तेव्हा ‘आपल्याकडे वीकली ऑफ कधी असतो?’ हे पहिल्याच फोनमध्ये विचारून वहीत टाका.

हातात काय घेऊन जायचं

‘माझा मेल मिळाला का?’ या प्रश्नाला एकच उत्तर आहे: ‘हो, बघतो.’ आणि बोलणं तिथेच संपतं. प्रश्न असा हवा की उत्तर एका शब्दात किंवा आकड्यात देता येईल आणि त्या उत्तरातून आपलं काम पुढे सरकेल. उदाहरणार्थ, तिसऱ्या दिवशीचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज:

‘नमस्कार साहेब. सोमवारी पॅकिंग बॉक्सबद्दल बोलणं झालं होतं. कोपरे फुटतात असं आपण म्हणालात. एका बॉक्समध्ये माल किती किलो जातो आणि एकावर एक किती बॉक्स रचता, एवढं कळवलंत तर त्या वजनाला चालेल असा एक नमुना बनवून पुढच्या सोमवारी आणून देतो.’

यात आठवण आहे, त्यांचीच अडचण आहे, दोन आकडे मागितलेत आणि तारीख दिलीय. आपल्या कंपनीचं कौतुक कुठेच नाही.

सातव्या दिवशी नमुना. तो नुसता देऊन येऊ नका, तुलना दाखवा: आताचा बॉक्स किती प्लायचा (म्हणजे किती थरांचा), कोणत्या जीएसएमच्या (दर चौरस मीटरला किती ग्रॅम) कागदाचा, त्याचा बीएफ (दाबाने न फाटण्याची कागदाची ताकद) किती, आणि आपला किती. बॉक्सच्या आतल्या बाजूला मार्करने कंपनीचं नाव, तारीख आणि आपला नंबर लिहा. कार्ड ड्रॉवरमध्ये हरवतं, बॉक्स स्टोअरमध्ये राहतो. पंधराव्या दिवशी उपयोगाची एखादी माहिती द्या. मे महिना असेल तर सांगा की पावसाळ्यात पुठ्ठा हवेतला दमटपणा ओढून घेतो, बॉक्सची भार पेलण्याची ताकद घटते, म्हणून जूनपासून थप्पी एका थराने कमी ठेवा आणि खाली लाकडी पॅलेट टाका. आपली ऑर्डर नसली तरी हा सल्ला त्यांच्या कामाचा आहे. असा सल्ला देणाऱ्याचा फोन लोक उचलतात.

कोटेशनवर दराची मुदत लिहिलेली असेल, उदाहरणार्थ १५ दिवस, तर मुदत संपण्याच्या दोन दिवस आधी फोन करायला रास्त कारण मिळतं. बॉक्सला लागणाऱ्या क्राफ्ट पेपरचा भाव खरंच हलतो, त्यामुळे हे खोटंही नसतं. पण ‘उद्यापासून दर वाढणार’ अशी खोटी भीती एकदा घातलीत आणि पुढच्या महिन्यात त्याच दराने माल दिलात, की तुमच्या प्रत्येक कोटेशनवर ते घासाघीस करणार.

‘बघतो’चे अर्थ

आपल्याकडे तोंडावर ‘नाही’ म्हणायला माणूस संकोचतो. त्यामुळे शब्दांपेक्षा त्यामागचा अर्थ ओळखावा लागतो.

‘कोटेशन पाठवून द्या’ हे पहिल्याच मिनिटात आलं, तर बहुतेक वेळा फोन ठेवायचा असतो. तेव्हा कोटेशन पाठवायच्या आधीच विचारा: ‘नक्की. माप आणि महिन्याला किती नग लागतात, सांगता का? म्हणजे बरोबर दर देता येईल.’ आकडे सांगितले तर काम खरं आहे. ‘तुम्ही अंदाजे पाठवा’ म्हणाले, तर एक पानी दरपत्रक पाठवा आणि त्यावर तास घालवू नका.

‘साहेब बाहेरगावी गेलेत’ हे एकदा ऐकलं तर खरं धरा. तिसऱ्यांदा ऐकलं, तर ज्याच्याकडून ऐकताय त्याच्याशीच बोला: ‘बॉक्सचं काम आपण बघता का स्टोअरचे साहेब?’ खरेदी विभाग दर बघतो, स्टोअरला फुटलेला माल मोजावा लागतो आणि क्वालिटीवाल्याला गिऱ्हाइकाची तक्रार ऐकावी लागते. दुखणं ज्याचं, त्याच्याकडे आपलं म्हणणं आधी पोचतं. मालकाच्या मिलमध्ये मुनीमजींना डावलून थेट शेठजींकडे गेलात, तर पुढे बिल मुनीमजींच्याच टेबलावर अडकतं.

‘आमचा जुना माणूस आहे’ हा नकार नाही, निष्ठा आहे, आणि तिचा मान राखा. त्या पुरवठादाराबद्दल एक शब्दही वाईट बोलू नका. ‘त्यांचंच चालू ठेवा. कधी त्यांचा माल अडकला, तर २०० नग दोन दिवसांत देईन,’ एवढं सांगा आणि ते खरंच देता येईल अशी तयारी ठेवा. दिवाळीआधीच्या गर्दीत असा फोन येऊ शकतो.

‘रेट जास्त आहे’ याचा आनंद माना, कारण त्यांनी कोटेशन वाचलंय. लगेच दर पाडू नका. ‘कशाच्या तुलनेत?’ हे नम्रपणे विचारा. खूपदा कळतं की त्यांनी ३ प्लायच्या दराशी ५ प्लायचा दर ताडून पाहिलाय.

व्हॉट्सअ‍ॅप, मेल आणि गेट

कोटेशनचा फोटो काढून पाठवू नका, पीडीएफ पाठवा, आणि फाईलच्या नावात त्यांच्या कंपनीचं नाव आणि तारीख टाका. ‘स्कॅन००१२’ नंतर कुणालाच सापडत नाही. निळी टिक दिसल्याबरोबर फोन लावू नका, पाळत ठेवल्यासारखं वाटतं. अनोळखी माणसाला व्हॉइस नोट नको, रोजचं ‘शुभ सकाळ’ तर नकोच. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. नव्या गिऱ्हाइकासाठी तिचा उपयोग शून्य. उलट शंभर अनोळखी नंबरांना एकच मजकूर टाकला आणि लोकांनी रिपोर्ट केलं, तर व्हॉट्सअ‍ॅप नंबर बंद करू शकतं. त्या नंबरवर जुनी गिऱ्हाइकंही असतात.

दुसरा मेल पहिल्याच मेलला रिप्लाय म्हणून पाठवा, म्हणजे आधीचं बोलणं खाली दिसत राहतं. मजकूर पाच-सहा ओळींचा. मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाला साधा इंग्रजी मेल सोयीचा पडतो, कारण तो पुढे पाठवला जातो. फोनवर मात्र मराठीत बोला. समोरचे हिंदीत बोलले तर हिंदीत.

गेटवर जायचं तर सकाळी दहा ते बारा. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी दोनला पोचलेल्या माणसाशी कुणी निवांत बोलत नाही. पुरवठादारांना भेटण्याचा वार ठरलेला असेल, तर तो सिक्युरिटीच्या माणसाला माहीत असतो. त्याला विचारा, नावाने ओळख ठेवा. सोबत जीएसटी प्रमाणपत्र, पॅन, उद्यम प्रमाणपत्र (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं) आणि रद्द केलेला चेक यांची एकच पीडीएफ मोबाइलमध्ये तयार ठेवा. ‘व्हेंडर रजिस्ट्रेशनचे कागद द्या’ म्हटल्यावर चार दिवस लागले, तर तापलेलं लोखंड थंड होतं. उद्यम नोंदणीचा दुसराही फायदा आहे: २००६च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. पण हा मुद्दा अटी ठरवताना काढा, पाठपुराव्याच्या फोनवर नको.

कधी थांबायचं

‘नको’ स्पष्ट आलं, की त्याच दिवशी थांबा आणि वहीत तसं लिहा, म्हणजे तुमचाच दुसरा माणूस पुन्हा फोन लावणार नाही. नको असलेल्या व्यावसायिक फोन-मेसेजची तक्रार लोकांना १९०९ वर करता येते, आणि ठोक व्यावसायिक एसएमएससाठी डीएलटी नोंदणी (टेलिकॉम कंपन्यांकडे पाठवणाऱ्याची नोंद) लागतेच.

पाचही वेळा काहीच उत्तर आलं नाही, तर शेवटचा मेसेज असा: ‘साहेब, सध्या गरज नसावी असं धरून मी हा विषय इथे थांबवतो. नमुना आपल्या स्टोअरमध्ये आहे. पुढे कधी लागलं तर याच नंबरवर कळवा.’ यात रुसवा नको, टोमणा नको. या मेसेजलाच उत्तर येण्याचीही शक्यता असते, कारण त्यात काही मागितलेलं नाही. उत्तर नाहीच आलं, तर नाव तीन महिन्यांच्या यादीत टाका आणि त्यांच्या हंगामाच्या आधी एकदा विचारा.

ट्रायल ऑर्डर आली, समजा २०० नगांची, तर माल पोचल्यावर तिसऱ्या दिवशी स्टोअरला फोन करून विचारा: मोजणी बरोबर भरली का, किती बॉक्सचे कोपरे दबले, स्टिचिंगची पिन कुठे सुटली का. दबलेले असतील तर बदलून देताना गाडीतूनच पुढच्या मापाचा नमुनाही पाठवा, आणि वहीत पुढची तारीख लिहा.