थारच्या टायरवरची पांढरी अक्षरं पुन्हा पांढरी कशी करायची

पावसाळ्यात ताम्हिणीच्या बाजूला दोन रविवार गाडी फिरवून आणली की टायरवरची पांढरी अक्षरं पार चहाच्या रंगाची होतात, धुतली तरी तशीच, आणि मग माणूस म्हणतो जाऊ दे, ऑफरोडची गाडी आहे, चालायचंच. पण मला नाही पटत ते. एवढे पैसे घालून आपण व्हाइट लेटरवाले टायर घेतो, त्यात २०२० साली सरकारने नवीन टायरच्या आयातीवर बंधनं आणली तेव्हापासून मनासारख्या साइजचे टायर शोधायलाच वणवण, मग जे मिळालेत ते नीट ठेवायला नकोत का? माझ्या थारला बीएफगुडरिच कंपनीचे केओटू नावाचे टायर आहेत, साइज २४५/७५ आर १६, म्हणून जे सांगतोय ते त्यांच्यावरच हात काळे करून शिकलेलं आहे, पण कुठल्याही कंपनीच्या पांढऱ्या अक्षराला हेच लागू पडतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ती अक्षरं रंगवलेली नसतात. टायर बनतानाच साइडवॉलमध्ये, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीत, पांढऱ्या रबराचा पातळ थर टाकतात, वरून काळ्या रबराचं पापुद्र्यासारखं आवरण असतं, आणि शेवटी अक्षरांवरचं तेवढं काळं घासून काढतात की आतलं पांढरं दिसतं. काळं रबर काळं असतं ते कार्बन ब्लॅकमुळे, पांढऱ्यात त्याच्या जागी टायटॅनियम डायऑक्साइडसारखी पांढरी पावडर असते. आता टायरला उन्हाने, हवेतल्या ओझोनने चिरा पडू नयेत म्हणून काळ्या रबरात मेण आणि अँटीओझोनंट नावाची केमिकल घातलेली असतात, ती टायर फिरेल तशी हळूहळू वर येतात आणि हवा लागली की तपकिरी पडतात. काळ्यावर ते फारसं दिसत नाही, पांढऱ्यावर लगेच दिसतं. म्हणजे अक्षर पिवळं पडलंय ते नुसत्या मातीने नाही, बरंचसं शेजारच्या काळ्या रबरातूनच आलेलं आहे, आणि म्हणूनच नुसतं पाणी मारून ते जात नाही. लाल माती त्यावर चिकटते तो वेगळा थर, आपल्या कोकण-घाटातल्या जांभ्याच्या मातीत लोह असतं आणि ती बारीक धूळ रबराच्या छिद्रात जाऊन बसते.

हे कळलं की काय करायचं नाही तेही आपोआप कळतं. डिझेल, पेट्रोल, रॉकेल, थिनर यातलं काहीही टायरला लावायचं नाही, रबर फुगतं, मऊ पडतं आणि आतलं ते केमिकल उलट जास्त वर येतं. हा अनुभव मी घेतलाय. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याआधी एका वॉशिंग सेंटरला गाडी दिली, त्यांनी चासीला गंज धरू नये म्हणून खालून ऑइल आणि डिझेलचा फवारा मारला, ते ठीक, पण टायर झाकलेच नाहीत, वर शेवटी चमकायला म्हणून कसलंतरी तेलकट पॉलिश फासून दिलं. घरी आणली तेव्हा टायर एकदम झकास दिसत होते. आठ दिवसांत चारही चाकांची अक्षरं गडद तपकिरी, आणि दोन टायरवर तर ओघळ दिसत होते. ते काढायला मला दोन रविवार लागले. तेव्हापासून अंडरबॉडी ऑइलिंग करायचं असेल तर मी आधी चारही टायरवर जुन्या गोणपाटाचे तुकडे बांधून देतो आणि पॉलिश नको म्हणून दोनदा सांगतो.

तसंच टॉयलेट क्लीनर नको, त्यात अ‍ॅसिड असतं, अलॉयची आणि ब्रेक डिस्कची वाट लागते. आणि ब्लीच व टॉयलेट क्लीनर एकत्र तर चुकूनही नको, क्लोरीन गॅस तयार होतो, जिवावरचं काम आहे ते.

आता प्रत्यक्ष धुणं. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, गाडी सावलीत, टायर हाताला गार लागला पाहिजे, गरम टायरवर साबण लगेच वाळतो आणि नवेच डाग पडतात. सामान घरातलंच आहे, दोन बादल्या, भांड्याचं लिक्विड, कपडे धुवायचा नायलॉनचा ब्रश, एक जुना टूथब्रश, हिरवी घासणी, मेलामाइनचा पांढरा स्पंज मिळाला तर उत्तम, दोन जुनी फडकी, आणि बसायला पोतं, कारण एका चाकाला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात.

पहिल्यांदा पाण्याने माती भिजवा आणि पाच मिनिटं थांबा, सुकलेली माती कोरडी घासली तर ती वॉटर पेपरसारखं, म्हणजे ओला वापरायच्या पॉलिश पेपरसारखं, काम करते. प्रेशर वॉशर असेल तर नोझल फूटभर तरी लांब ठेवा, साइडवॉलला अगदी टेकवून मारू नका. मग साबणाच्या पाण्याने आधी काळा भाग धुवा, पांढऱ्याला नंतर हात लावायचा. हे उलटं करणारे खूप जण बघितलेत, अक्षर छान घासतात आणि मग काळ्यावरचं तपकिरी पाणी त्यावरूनच ओघळतं. काळ्या भागाला मात्र फार रगडू नका, ते वर आलेलं मेणच रबराला चिरांपासून वाचवतं, साबण आणि हलका ब्रश एवढं बास.

आता अक्षर. हिरव्या घासणीवर भांड्याचं लिक्विड घ्या, थोडी भांडी घासायची पावडर टाका, आणि एका वेळी एकच अक्षर, गोल गोल नाही तर अक्षराच्या रेघेच्या दिशेने घासा. पहिला फेस बघा, अगदी दुधाळ चहासारखा निघतो. तो पुसा, पाणी मारा, परत घासा, फेस पांढरा राहायला लागला की ते अक्षर झालं. केओटूच्या 'जी' आणि 'आर' मध्ये आतले जे कोपरे आहेत तिथे घासणी पोचत नाही, तिथे टूथब्रश, आणि काठावर जी तपकिरी रेघ राहते ती मेलामाइनच्या स्पंजच्या टोकाने जाते, स्पंज ओला करून, जोर न लावता. साबण अक्षरावर वाळू द्यायचा नाही, दोन अक्षरं झाली की लगेच पाणी.

खाली जमिनीला टेकलेल्या बाजूची अक्षरं घासायला वाकून मान मोडते, त्यासाठी जॅक लावायची गरज नाही. वरचा अर्धा टायर झाला की गाडी पुढे घ्या, माझ्या साइजला साधारण चार फूट गेली की चाक बरोबर अर्धं फिरतं आणि खालचं वर येतं. आधी चारही चाकांचं वरचं करायचं, मग एकदाच गाडी हलवायची. हँडब्रेक लावा आणि चाकाला दगड लावा, हे सांगायला लागू नये पण सांगतो.

एवढं करूनही पिवळी झाक राहिली, म्हणजे वर्षभर कोणी हात लावला नसेल, तर साबणवाली बारीक स्टील वूल घ्या. तिनेही नाही गेलं तर शेवटचा उपाय वॉटर पेपर, आधी ४०० नंबर, मग ८००, भरपूर साबणाचं पाणी लावून, बोटाच्या टोकावर गुंडाळून, फक्त अक्षरावर. यात खरंच वरचा थर जातो आणि खालचं कोरं पांढरं रबर दिसतं, बघून फार समाधान वाटतं, पण तो थर पातळच आहे, दर महिन्याला करायची गोष्ट नाही ही, मी दोन वर्षांत एकदाच केलंय. ड्रिलला वायर ब्रश लावून घासणारे असतात, त्यांना हात जोडून सांगतो की करू नका, साइडवॉल हा ऑफरोड टायरचा सगळ्यात नाजूक भाग, तिथला काप म्हणजे टायर गेला. आणि तुमची अक्षरं मार्करने रंगवलेली असतील तर यातलं काहीच नको, फक्त साबण आणि मऊ फडकं, नाहीतर रंगच निघून येईल.

नवे टायर घेतले तर अक्षरांवर निळसर थर असतो, तो पांढऱ्याला डाग लागू नये म्हणूनच दिलेला असतो, कोमट पाणी आणि ब्रशने निघतो, पेट्रोलने पुसू नका. आणि टायरवाल्याला चाक चढवायच्या आधी सांगा, व्हाइट लेटर बाहेर, कारण आतली बाजू पूर्ण काळी असते आणि न सांगता उलटं बसवलं की परत सगळं उतरवायचे पैसे.

धुऊन झालं की फडक्याने पुसून वाळू द्या. चमक हवीच असेल तर वॉटर बेस ड्रेसिंग, म्हणजे तेलाऐवजी पाण्यात बनवलेलं टायर पॉलिश, घ्या, स्पंजने फक्त काळ्यावर लावा, स्प्रे मारू नका, ट्रेडवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, आणि ब्रेकवर अजिबात नको. मी स्वतः काहीच लावत नाही, धुतलेलं काळं रबर मला तसंच आवडतं. पावसाळ्यात प्रत्येक ट्रिपनंतर साबणाचा एक हात, बाकी दिवसांत महिन्यातून एकदा, एवढं केलं तर घासणीपर्यंत जायची वेळच कमी येते. समुद्रावर गाडी नेली असेल तर मात्र त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा.

जास्तीचे टायर घरी ठेवत असाल तर एकावर एक रचताना पांढरी बाजू पांढऱ्यालाच लावा, काळ्यावर पांढरी टेकली की महिन्याभरात डाग उतरतो. आणि मागच्या दारावरची स्टेपनी विसरू नका. ती फिरत नाही म्हणून आपण बघतच नाही, पण दिवसभर उन्हात तीच असते, सिग्नलला मागच्या गाडीवाल्याच्या डोळ्यासमोरही तीच. मी आता रोटेशनला, म्हणजे टायरच्या जागा आलटून पालटून बदलताना, पाचही टायर फिरवतो, त्यामुळे स्टेपनीही चार चाकांबरोबरच घासली जाते, पाचव्यासाठी वेगळा रविवार लागत नाही.