या चुका टाळा: अवकाशयानांच्या जुन्या फोटोंतून उपग्रहांची चित्रं बनवताना

साताऱ्यात मृगाची सर आली की दुर्बीण कपाटात जाते, ती गणपतीनंतरच बाहेर निघते. सांगलीत पाऊस कमी, पण ढग तेवढेच. या दिवसांत हौशी मंडळींना गुरू-शनीचे उपग्रह, म्हणजे त्यांचे चंद्र, टिपणाऱ्या व्हॉयेजर, गॅलिलिओ आणि कॅसिनी यानांचं अर्काइव्ह, म्हणजे जुन्या फोटोंचा साठा, चांगलं सोबतीला येतं. ते फुकट आहे, सगळ्यांना खुलं आहे आणि ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप त्याला पुरतो. तरी सुरुवातीची चित्रं बिघडतातच. मग रंग चुकला म्हणून रंगाचे स्लायडर ओढत बसतात. चूक बहुधा चार पायऱ्या आधी, फाइल उघडतानाच झालेली असते.

चित्र तिरकं, खालून काळं किंवा मुंग्या आल्यासारखं

कॅसिनी मोहिमेच्या साइटवर ‘रॉ’ म्हणून जे जेपीईजी मिळतात ते पाहायला ठीक, कामाला नाहीत. त्यांचा उजेड-अंधार प्रत्येक फोटोगणिक आपोआप ताणलेला असतो, त्यामुळे लाल आणि निळ्या फिल्टरमधून वेगवेगळ्या घेतलेल्या कृष्णधवल फ्रेमची (त्याच जोडून रंगीत चित्र होतं) तुलनाच उरत नाही. नासाच्या ग्रहीय डेटा अर्काइव्हमधली आयएमजी फाइल घ्या आणि तिच्याबरोबरची लेबल फाइल विसरू नका. लेबल म्हणजे साधा मजकूर, नोटपॅडमध्ये उघडतो. पुढच्या निम्म्या अडचणींची उत्तरं त्यातच आहेत.

पहिली तपासणी आकाराची. लेबलमधले ‘रेकॉर्ड बाइट्स’ आणि ‘फाइल रेकॉर्ड्स’ हे आकडे गुणा. गुणाकार फाइलच्या आकाराइतका यायला हवा. रात्री डाउनलोड लावून झोपलात आणि मध्येच लाइट गेली, तर फाइल अपुरी राहते आणि उपग्रहाचा खालचा भाग काळा दिसतो. तो काळा पट्टा उपग्रहाची रात्रीची बाजू समजून पुढं काम करणारे निघतात.

कॅसिनीच्या पूर्ण आकाराच्या ८ बिट (पिक्सेलला एक बाइट) फाइलमध्ये ओळ १०२४ पिक्सेलची, पण प्रत्येक ओळीआधी २४ बाइट्स वेगळ्या माहितीचे असतात. रेकॉर्ड म्हणूनच १०४८ चा. पायथनमध्ये थेट १०२४ रुंदी देऊन वाचलंत तर प्रत्येक ओळ २४ पिक्सेल सरकते आणि साधारण ४३ ओळींत चित्र एक पूर्ण फेरी मारतं. अशा तिरक्या पट्ट्या दिसल्या की फाइल खराब म्हणून टाकू नका, रुंदी दुरुस्त करा. १६ बिट फाइलमध्ये हाच आकडा २०७२ होतो, आणि तिथं बाइटचा क्रमही पाहावा लागतो: मोठा बाइट आधी येतो. क्रम उलटा वाचला तर गुळगुळीत पृष्ठभागावर नकाशातल्या समोच्च रेषांसारखी वलयं आणि मुंग्या दिसतात.

मग ‘डेटा कन्व्हर्जन टाइप’ ही ओळ वाचा. तिथं ‘टेबल’ असेल तर १२ बिटांचे आकडे एका तक्त्यातून ८ बिटांत बसवलेले आहेत आणि तो तक्ता सरळ रेषेतला नाही. तो उलटा लावल्याशिवाय केलेला कुठलाही भागाकार फोल. ‘८ एलएसबी’ असेल तर फक्त खालचे ८ बिट ठेवलेले आहेत. २५५ च्या पुढचा उजेड पुन्हा शून्यापासून मोजला जातो, म्हणून झगझगीत भागात अचानक काळे डाग पडतात. ती विवरं नव्हेत.

व्हॉयेजरचे काळे ठिपके

व्हॉयेजरच्या कॅमेऱ्यात आजच्यासारखा सीसीडी (डिजिटल सेन्सर) नव्हता, जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतली व्हिडिकॉन नळी होती. नळीतली प्रतिमा कडेला वाकते. ते वाकणं मोजता यावं म्हणून काचेवर काळ्या ठिपक्यांची जाळी मुद्दाम कोरलेली होती. ८०० बाय ८०० च्या कच्च्या फोटोत ते ठिपके दिसतात. पुष्कळ जण क्लोन ब्रशनं ते आधी पुसतात आणि मग वाकणं सुधारायला जातात. पण सुधारणा ज्या खुणांवरून करायची त्याच गेलेल्या असतात. ग्रह-उपग्रहांच्या फोटोंवर काम करणाऱ्या आयसिस या मोफत संगणक प्रणालीत ठिपके शोधणं आणि भरणं यांच्या वेगळ्या आज्ञा आहेत. त्या नकाशा-प्रक्षेपणाच्या (गोल पृष्ठभाग सपाट नकाशावर मांडण्याच्या) आधी चालवा.

हा खटाटोप नको असेल तर ‘जिओमेड’ आवृत्ती घ्या. ती सरळ केलेली आणि १००० बाय १००० ची असते. मात्र एक फिल्टर कच्चा आणि दुसरा जिओमेड असं मिश्रण करू नका. मोठं-छोटं करून मध्यभाग जुळेल, कडा कधीच जुळणार नाहीत.

कडेला लाल-निळी झालर

लग्नपत्रिका छापताना रंग सरकला की अक्षरांना जशी दुहेरी कड येते, तशीच ही. पण प्रेसमध्ये कागद जागचा हलत नाही. इथं फिल्टर बदलेपर्यंत यान पुढं जातं, उपग्रह स्वतःभोवती फिरतो.

गुरूच्या आयो या उपग्रहाचं उदाहरण घ्या. त्याची फेरी साधारण ४२.५ तासांची, म्हणजे १० मिनिटांत सुमारे १.४ अंश. फोटोत आयोचा व्यास ६०० पिक्सेल असेल तर तेवढ्या वेळात मध्यावरचा ज्वालामुखी ७ पिक्सेल सरकतो, कड मात्र जागीच राहते. म्हणजे कड जुळवली की मध्य फाटतो आणि मध्य जुळवला की कड. नुसतं सरकवून हे मिटत नाही. फ्रेममध्ये एक-दोन मिनिटांचंच अंतर असेल तर चालून जातं. त्याहून जास्त असेल तर तिन्ही फ्रेम आयसिसमध्ये एकाच प्रक्षेपणावर आणाव्या लागतात. त्यासाठी यानाच्या जागेची आणि रोखाची माहिती लागते. ती सगळी उतरवून घेण्याऐवजी ‘स्पाइसइनिट’ आज्ञेला वेबवरून आणायला सांगा, हार्ड डिस्क वाचेल.

जुळवणी हातानं करत असाल तर फ्रेम आधी तिप्पट मोठ्या करा, विवरांवरून जुळवा आणि मग लहान करा. उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर भिस्त ठेवू नका. ती प्रत्येक फिल्टरच्या एक्स्पोजरप्रमाणे थोडी पुढं-मागं दिसते.

रंग भडक किंवा विचित्र

इथंच सगळ्यात जास्त वाट लागते, आणि कारण बहुतेक वेळा एकच: प्रत्येक चॅनलला वेगळं ‘ऑटो लेव्हल’. त्यानं तिन्ही चॅनलचा सर्वांत उजळ बिंदू पांढरा होतो, म्हणजे उपग्रहाचा खरा रंगच पुसला जातो. जे उरतं तो उगाच ताणलेला फरक.

समजा, एकाच जागेचे पार्श्वमूल्य (अंधारातही कॅमेरा नोंदवतो तो आकडा) वजा केलेले आकडे असे आहेत: लाल ९००, हिरवा १०५०, निळा १३००. तसेच जोडले तर उपग्रह निळा दिसेल. आता लेबलमधलं एक्स्पोजर पाहा: लाल १२० मिलिसेकंद, हिरवा १५०, निळा २६०. भागाकार केला की ७.५, ७ आणि ५ येतात. पृष्ठभाग तांबूसकडे झुकला. तरी काम संपलं नाही. फिल्टर किती रुंद, त्या रंगात सूर्यप्रकाश किती, कॅमेरा किती संवेदनशील, हा हिशेब बाकी आहे. कॅसिनीसाठी आयसिसमधली ‘सिसकॅल’ आज्ञा तो करते आणि परावर्तनाचे आकडे देते. त्यानंतर तिन्ही चॅनलना एकच गुणक लावा, एकाच वेळी.

असं नीट केलेलं चित्र पहिल्यांदा काळपट दिसतं आणि माणूस घाबरून ब्राइटनेस वाढवतो. मग उजळ भाग जळतात. खरं तर आकडे सरळ प्रमाणातले असतात आणि स्क्रीनला २.२ चा गॅमा (गडद छटा उजळवणारी दुरुस्ती) लागतो, तो शेवटी लावा. सीमारेषेजवळची विवरं आपोआप वर येतात.

व्हॉयेजरच्या कॅमेऱ्यात लाल फिल्टर नव्हता. नारिंगी, हिरवा आणि जांभळा मिळून केलेलं चित्र म्हणजे अंदाजच असतो, म्हणून १९७९ ची आयोची चित्रं इतकी तांबडीलाल दिसतात. डोळ्याला आयो बराच फिका, पिवळसर दिसेल. सांगलीच्या हळदीसारखा झाला असेल तर संपृक्तता (रंगाचा भडकपणा) कमी करा. कॅसिनीत अवरक्त-हिरवा-अतिनील अशा फ्रेम जोडायची पद्धत आहे आणि शनीच्या एन्सेलॅडस उपग्रहाच्या दक्षिण ध्रुवावरच्या भेगा त्यात निळसर उठून येतात. खुशाल करा, पण चित्राखाली फिल्टर लिहा.

नसलेलं वातावरण, पुसलेला ज्वालामुखी

शार्पनिंग जास्त झालं की उपग्रहाच्या कडेला पांढरी रेघ आणि तिच्याबाहेर काळी पट्टी येते. तिला वातावरण म्हणू नका. ओळखायची खूण सोपी आहे: शार्पनिंगची रेघ उजळ कडेभर सारखी असते, उपग्रहातून उडणारा खरा फवारा एकाच ठिकाणी असतो आणि दुसऱ्या फ्रेममध्येही सापडतो. एआयनं मोठं करणारी साधनं याच्याही पुढं जातात. ती विवरं शोधत नाहीत, बनवतात.

उलट चूकही तितकीच महाग. ८ मार्च १९७९ रोजी व्हॉयेजर १ नं घेतलेला आयोचा फोटो मोहिमेतल्या अभियंता लिंडा मोराबिटो तपासत होत्या. यानाचा मार्ग काढण्यासाठी मागचे तारे दिसावेत म्हणून त्यांनी उजेड वाढवला, तेव्हा कडेला एक छत्रीसारखा ढग दिसला. पृथ्वीबाहेरचा पहिला जागता ज्वालामुखी असा सापडला. कडेबाहेरची जागा ‘साफ’ करून काळी भरणाऱ्याच्या हातून तो गेला असता.

वैश्विक किरणांचे पांढरे ठिपके काढताना अख्ख्या चित्रावर मीडियन फिल्टर फिरवू नका, लहान विवरंही त्यात जातात. शेजाऱ्यांच्या मानानं फारच उजळ असलेला पिक्सेल तेवढाच बदला. आणि हे फिरवणं, मोठं करणं, शार्प करणं याच्या आधी करा, कारण एकदा पुनर्मापन (पिक्सेलची किंमत नव्यानं काढणं) झालं की एका पिक्सेलचा डाग नऊ पिक्सेलमध्ये पसरतो. डेटा गहाळ असलेल्या शून्याच्या ओळीही तेव्हाच ‘रिकाम्या’ म्हणून वेगळ्या करा.

आरशातला उपग्रह

फिट्स या खगोलशास्त्रातल्या प्रकारची फाइल दाखवणारे प्रोग्राम पहिली ओळ खाली मांडतात, त्यामुळे चित्र वर-खाली उलटतं. अशी प्रतिमा फिरवून सरळ होत नाही, पलटावीच लागते. शनीच्या मिमास उपग्रहावरचं हर्शेल विवर किंवा दुसरी कुठलीही ठळक खूण घेऊन नकाशाशी ताडून पाहा. विवरं उंचवट्यांसारखी दिसत असतील तर मात्र चित्र चुकलेलंच असतं असं नाही. उजेड खालून आला की डोळा फसतो; १८० अंशांत फिरवा, खड्डे परत खड्डे होतात.

गुरूकडे गेलेल्या जूनो यानावरच्या जूनोकॅम कॅमेऱ्याचं गणित वेगळं आहे. यान मिनिटाला सुमारे दोन फेऱ्या घेतं आणि कॅमेरा १२८ ओळींच्या पट्ट्या टिपत जातो, रंगागणिक वेगळ्या. त्या पट्ट्या नुसत्या एकाखाली एक चिकटवल्या तर गुरूच्या गॅनिमिड उपग्रहाची शिडी होते. कॅसिनीच्या पाच-सहा फ्रेमवर हात बसल्याशिवाय तिकडं वळू नका.