रोमानियन आकडे पाठ आहेत, पण वाक्यात अडतात? या चुका टाळा

आपल्याकडे एकोणऐंशी, त्र्याऐंशी असा जवळजवळ प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो. रोमानियनमध्ये तसं नाही. पंचवीस म्हणजे ‘दोउअझेच शि चिंच’, वीस आणि पाच. घोळ होतो तो आकडा नामाला जोडताना. म्हणून नुसता तक्ता घोकू नका.

सर्वांत जास्त चुका लिंगाच्या होतात. ‘दोन’ची रूपं दोन: पुल्लिंगी ‘दोय’, स्त्रीलिंगी ‘दोउअ’. दोघे-दोघी म्हणणाऱ्या आपल्याला हे जड जाऊ नये. अडचण आहे ती नपुंसकलिंगाची. रोमानियन नपुंसकलिंगी नाम एकवचनात पुल्लिंगासारखं चालतं आणि अनेकवचनात स्त्रीलिंगासारखं. एक तिकीट ‘उन बिलेत’, पण दोन तिकिटं ‘दोउअ बिलेते’. चहाचंही तसंच: ‘उन चाय’, ‘दोउअ चायुर’. मराठीत चहा पुल्लिंगी म्हणून ‘दोय’ म्हणाल तर चुकेल. नवा शब्द वहीत उतरवताना तो ‘एक’ आणि ‘दोन’ या दोन्हींसह लिहा. माझ्या मते याहून उपयोगी सवय नाही.

हाच भेद बारा आणि बावीसमध्येही येतो. बारा लेय (तिथलं चलन, पुल्लिंगी) म्हणजे ‘दोयस्प्रेझेचे लेय’, पण बारा तिकिटं ‘दोउअस्प्रेझेचे बिलेते’. घड्याळात दोन आणि बारा स्त्रीलिंगी: ‘ओरा दोउअ’. एक वाजले असतील तर मात्र ‘ओरा उनु’.

दुसरी मोठी चूक ‘दे’ची. 19 पर्यंत नाम थेट लागतं, 20 पासून मध्ये ‘दे’ येतो: ‘नोउअस्प्रेझेचे लेय’, पण ‘दोउअझेच दे लेय’. वीस ओलांडल्यावर ‘दे’ कायमचा आला, असं समजू नका. शंभराच्या पुढे शेवटचे दोन अंक पाहायचे. ते 01 ते 19 असतील तर ‘दे’ नाही. 00 किंवा 20 ते 99 असतील तर हवा. म्हणून 105 लेय ‘ओ सुतअ चिंच लेय’ आणि 120 लेय ‘ओ सुतअ दोउअझेच दे लेय’.

हजारालाही हाच नियम लागतो: दहा हजार ‘झेचे मी’, वीस हजार ‘दोउअझेच दे मी’. लाखासाठी वेगळा शब्द नाही, शंभर हजार म्हणायचं. त्यामुळे एक लाख लेय म्हणताना ‘दे’ दोनदा येतो: ‘ओ सुतअ दे मी दे लेय’. आपण लाख-कोटीत विचार करतो, तेव्हा मोठ्या रकमा आधी हजारांत मोडून घ्या.

लिहिताना टिंब आणि स्वल्पविराम उलटे असतात. 1.500 म्हणजे दीड हजार, 1,5 म्हणजे दीड.

चौदा, सोळा आणि साठ नियमाने बनवू नका. ते ‘पायस्प्रेझेचे’, ‘शायस्प्रेझेचे’ आणि ‘शायझेच’ असेच पाठ करा. बोलताना लोक शेपूट छाटतात: अकरा ‘उनश्पे’, बारा ‘दोयश्पे’. कानाला ही रूपंही हवीत, नाहीतर दुकानात किंमत कळणार नाही.

आणि एखाद्या वयस्कर विक्रेत्याने शंभर लेयच्या वस्तूला ‘उन मिलिओन’ म्हटलं, तर घाबरू नका. 1 जुलै 2005 रोजी चलनातली चार शून्यं कापली गेली, 10,000 जुन्या लेयचा एक नवा लेउ (‘लेय’चं एकवचन) झाला. काही जण अजून जुन्या हिशेबात बोलतात. शंका आली तर रक्कम लिहून मागा.