गाल का पेटतात? रोझेशियाचा ट्रिगर असा शोधा

पिंपल समजून मी दीड वर्ष गालावर स्क्रब घासत होते, वर केमिस्टने दिलेली एक ट्यूब, लावली की चेहरा एकदम मस्त आणि बंद केली की दुप्पट लाल. शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा रोझेशिया, म्हणजे चेहरा सारखा लाल होऊन जळजळण्याचा त्वचेचा आजार, आणि ट्यूबमध्ये स्टिरॉइड. म्हणून आधी घरातल्या सगळ्या ट्यूबांवरची बारीक अक्षरं वाचा, बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल असलं काही दिसलं तर ट्यूब घेऊनच डॉक्टरकडे जा, मनाने एकदम बंद केलीत तर चेहरा जास्त भडकतो.

मूळ कारण एकच असं नाहीये. घराण्यात असतं, चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या पटकन फुगतात, त्वचेवरचे डेमोडेक्स नावाचे किडे (सगळ्यांच्याच असतात, ईईई करू नका) काही जणांत जास्त होतात. हे आपल्या हातात नाही, पण भडका कशाने उडतो ते शोधता येतं.

तर एक वही करा, तीन-चार आठवडे. गाल तापले की वेळ लिहा, आणि आधीच्या तासाभरात काय खाल्लं, कुठे होतात, चिडला होतात का. सावळ्या रंगावर लाली नीट दिसत नाही त्यामुळे आरशापेक्षा जळजळीवर भरवसा ठेवा. मी सगळा दोष मिसळीला देत होते, वहीत बघते तर रोज संध्याकाळी साडेसातला भडका, म्हणजे दादरहून गर्दीची लोकल पकडून घरी यायचं आणि लगेच गॅससमोर चपात्या! आता आधी दहा मिनिटं पंख्याखाली बसते. मिसळ सुटली बिचारी, पण काहींना तिखट खरंच बाधतं हं.

एका वेळी एकच गोष्ट बदला नाहीतर कळणार काय. चहाचंच बघा, मी सोडणार होते, मग आजीसारखा बशीत ओतून कोमट प्यायले तर काहीच नाही झालं, म्हणजे त्रास चहाचा नव्हता, गरमपणाचा होता.

ऊन मात्र बहुतेकांना नडतंच, तिथे प्रयोग नको, झिंक ऑक्साइडवालं एसपीएफ 30 सनस्क्रीन रोज लावा, पावसाळ्यातसुद्धा. दारू, त्यातही रेड वाईन, आणि मेंथॉलवाले थंडगार फेसवॉश हेही संशयित.

डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपत असेल तर वहीबिही राहू दे, रोझेशिया डोळ्यातही होतो, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.